भाकरी, पाव आणि परका मुलूख : टॉमस रो व एडवर्ड टेरी यांच्या वृत्तांतांतील नित्यजीवन

नशिराबादहून तापीचे पात्र काही थोड्या मैलांवर आहे. त्या पात्राच्या पलीकडून, चोपडे व रावेर यांच्या मार्गाने, सतराव्या शतकात सुरत ते बऱ्हाणपूर हा राजरस्ता जात असे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा 1615 च्या नोव्हेंबरात याच रस्त्याने गेला. त्याच्या वाटेवरील नंदुरबार, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, रावेर ही नावे खानदेशातील वाचकास घरची आहेत. नशिराबाद तापीच्या दक्षिणेस पडत असल्यामुळे त्याचा उल्लेख या वृत्तांतात येत नाही. तथापि वकिलाने वाटेत जे पाहिले, म्हणजे मातीची घरे, धान्याने लादलेले बैल व तव्यावर भाजलेली जाड भाकर, त्यांपैकी एकही गोष्ट नशिराबादच्या माणसास समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच या वृत्तांताचे वाचन तेथून करणे उपयुक्त ठरते. वकिलास जे दिसले पण कळले नाही, ते येथील वाचकास कळलेले असते.

रोची दैनंदिनी आजवर प्रामुख्याने राजकीय इतिहासाचे साधन म्हणून वाचली गेली आहे. जहांगीराचा दरबार, शाहजादा खुर्रमशी झालेले खटके, व्यापाराच्या सनदेसाठी चाललेली खटपट, यांसाठी अभ्यासक तिच्याकडे वळतात. दैनंदिनीचा संक्षेप पर्चसने 1625 साली आपल्या प्रवाससंग्रहात छापला आणि विल्यम फॉस्टरने 1899 साली हॅक्लूट सोसायटीसाठी तिची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. थंड देशातून उष्ण देशात येऊन पडलेल्या माणसाने तेथे खावे काय, निजावे कोठे, बसावे कसे, हे प्रश्न या वाचनात तळटीपांत जातात. वास्तविक वाङ्मयाच्या अभ्यासकास तेच अधिक मोलाचे आहेत, कारण अशा ठिकाणी लेखक सावध नसतो. दरबाराचे वर्णन करताना रो आपले प्रत्येक वाक्य तोलून लिहितो. भुकेविषयी लिहिताना तो तसे करीत नाही.

खानदेशच्या पश्चिम भागात, नंदुरबारच्या सुमारास, त्याने एक लहानशी नोंद केली आहे. तिचा आशय असा : सुरत सोडल्यापासून येथे प्रथमच ब्रेड मिळाला. मुलूख सुपीक आहे, गुरेढोरे विपुल आहेत. परंतु सर्वत्र वाणी लोकांची वस्ती असून ते जीवहत्या करीत नाहीत आणि म्हणून गुरे विकतही नाहीत. ब्रेड म्हणून काही हे लोक करीत नाहीत, केवळ ‘केक’ करतात. याच नोंदीत पुढे तो सांगतो की, एका दिवसात धान्याने लादलेल्या दहा हजार बैलांचा एकच तांडा आपणांस आडवा आला आणि त्याहून लहान तांडे तर बहुतेक रोजच भेटत होते. यावरून देशाच्या समृद्धीची कल्पना यावी.

ही चार-पाच वाक्ये एकापुढे एक ठेवली म्हणजे त्यांतील विसंगती लक्षात येते. दहा हजार बैलांवरचे धान्य डोळ्यांसमोरून जात आहे आणि लेखक अन्नावाचून त्रासला आहे. हे धान्य पिकविणारा, वाहून नेणारा आणि खाणारा समाज सभोवती आहे. तो रोज काहीतरी भाजून खातो हेही लेखकास दिसते. परंतु जे भाजले जाते त्यास तो ब्रेड म्हणावयास तयार नाही. ‘केक’ हा शब्द येथे मिठाईच्या अर्थाने आलेला नसून न फुगविलेल्या, चापट, गोल भाकरीसाठी आलेला आहे, हे त्या काळच्या इंग्रजीची ओळख असणाऱ्यास सांगावयास नको. म्हणजे भाकरीची नोंद तर झाली, पण अन्न म्हणून नव्हे, अन्नाचा अभाव म्हणून झाली. सुरतेहून निघून आठवडाभर वकिलाला ‘ब्रेड मिळाला नाही’ याचा अर्थ भाकरी मिळाली नाही असा नाही. भाकरी मिळत होती. तीच तक्रारीचा विषय होती.

असाच दुसरा विरोध मुलखाच्या वर्णनात आहे. सुरतेपासून बऱ्हाणपूरपर्यंतचा सारा प्रदेश रोने दैन्याचा व उजाड म्हणून वर्णिला आहे. गावे मातीची, माणसाने विसावा घ्यावा असे एकही घर नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. उजाड मुलखातून दहा हजार बैलांचे धान्य कोठून निघाले, हा प्रश्न त्यास पडत नाही. नोव्हेंबर हा तर खरिपाची ज्वारी कापणीस येण्याचा काळ. वाटेवर जंगलाचे पट्टे होते, हे मान्य करूनही ‘उजाड’ हे विशेषण टिकत नाही. मातीच्या घरांविषयीचा निर्णयही तपासून पाहण्याजोगा आहे. जाड मातीच्या भिंती व वर मातीचे धाबे ही खानदेशची जुनी घरबांधणी. वैशाखात तापीकाठचे ऊन अंगावर घेतलेल्या माणसाला तिचे कारण विचारावे लागत नाही. दगड व लाकूड यांवरून घराची किंमत ठरविणाऱ्या डोळ्यांना मात्र त्या भिंतींत दारिद्र्यच दिसते. पुढील काळात युरोपीय लेखकांनी उष्ण कटिबंधातील देशांविषयी जे लिहिले, त्यात हा डोळा वारंवार भेटतो. आणि ‘अविकसित’, ‘विकसनशील’ अशी विशेषणे वापरणारी विसाव्या शतकातील माहितीपुस्तकेही त्यापासून सर्वस्वी मुक्त नाहीत.

एवढ्यावरून रोला आडमुठा ठरवून मोकळे होता येईल. परंतु त्याच्याच वास्तव्यातील दुसरा एक लेखक उपलब्ध असल्यामुळे तुलनेची दुर्मीळ संधी मिळते, आणि तुलना केल्यावर प्रश्न इतका सरळ राहत नाही. रोचा पहिला धर्मोपदेशक 1616 मध्ये वारला. त्याच्या जागी त्याच वर्षीच्या जहाजांबरोबर आलेला एडवर्ड टेरी याची नेमणूक झाली. तो रोच्या परिवारात, त्याच्याच पंक्तीस, सुमारे दोन वर्षे राहिला. परतल्यावर त्याने आपला वृत्तांत 1622 साली युवराजास सादर केला, तो पर्चसने 1625 साली छापला, आणि पुष्कळ वाढवून टेरीने स्वतःच 1655 साली तो स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. स्वामी आणि सेवक यांनी एकच देश, एकच तंबू व एकच स्वयंपाक यांविषयी लिहावे, असा योग प्रवासवाङ्मयात सहसा येत नाही.

टेरीनेही भाकरी पाहिली. सामान्य लोक भरड धान्याची भाकरी खातात, असे तो सांगतो. ती रुचकर, आरोग्यदायक व अंगाला लागणारी आहे असा अभिप्राय देतो. तिचा आकार रुंद व जाड असून ती आपल्याकडील ओटच्या पोळीसारखी दिसते, असे समजावतो. आणि शेवटी तिच्या साधनाकडे वळतो. लहान गोल लोखंडी तव्यावर ती भाजतात, प्रवासास निघताना हा तवा बरोबर घेतात आणि मुक्कामावर तंबूत त्याचा उपयोग करतात. धान्य कोणते हे त्याने सांगितलेले नाही. वर्णनावरून ज्वारी-बाजरीच्या वर्गातील असावे. पण खानदेशात दादरची किंवा कळण्याची भाकरी खाल्लेल्या वाचकास हे वर्णन अनोळखी वाटणार नाही.

रोच्या नोंदीत भाकरीला ब्रेडचे नाव नाकारले आहे. टेरीने ते नाव निःशंकपणे दिले आहे. हे कसे साधले, याचे उत्तर त्याच्या उपमेत आहे. रोच्या मनात ब्रेड म्हणजे गव्हाचा, फुगविलेला, भट्टीत भाजलेला. दरबारी माणसाच्या ताटात तोच येत असे. टेरीने मात्र स्वदेशातीलच एक हलकी, भरड, गरिबाघरची पोळी आठवली आणि तिच्याशी भाकरीचे नाते जोडले. परक्या वस्तूचा स्वीकार करताना मनाला घरची एखादी वस्तू शोधावी लागते, आणि ती वस्तू उंची असून चालत नाही. राजवाड्यातील ब्रेडशी तुलना केली असती तर भाकरी हरलीच असती. नव्या देशात रुळणे म्हणजे जुना देश विसरणे नव्हे; त्या जुन्या देशातील आजवर दुर्लक्षिलेला भाग आठवणे, असे या एका उपमेवरून म्हणता येईल.

टेरीची रसना उदार होती यात शंका नाही. दोप्याजा खाऊन त्याने लिहिले की, इतके चविष्ट मांस आपण कधी चाखले नव्हते. याकोबाने पित्याचा आशीर्वाद मिळविण्यासाठी जे पक्वान्न पुढे केले ते बहुधा हेच असावे, असेही त्यास वाटले. हिंदुस्थानचे पाणी त्याला इंग्लंडच्या पाण्याहून गोड लागले. मांडू येथे आसफखानाने रोला मेजवानी दिली, तेव्हा हा पाद्री तिसरा होता. तिघे जमिनीवर त्रिकोणात बसले. यजमानापुढे साठ, वकिलापुढे सत्तर व टेरीपुढे पन्नास पात्रे मांडली होती. आपण एकूण एक पदार्थाची चव घेतली, असे तो समाधानाने सांगतो. याच प्रकरणात तो नकळत एक मौल्यवान माहिती देऊन जातो : वकीलसाहेब स्वतःच्या बिऱ्हाडात असे अवघडून बसत नसत, तेथे मेज-खुर्च्या होत्या, चांदीची भांडी होती, आणि स्वयंपाकासाठी एक इंग्रज व एक हिंदुस्थानी असे दोन आचारी होते. अन्नाची रेलचेल व स्वस्ताई अशी की आठवड्याचा खर्च अगदी थोडा येई.

दोन आचाऱ्यांचा हा तपशील रोच्या तक्रारींना एकदम वेगळ्या प्रकाशात आणतो. खानदेशच्या वाटेवर ज्यास ब्रेड मिळेना, त्याच्याच घरी काही महिन्यांनी देशी आचारी रुजू झाला होता. म्हणजे रो रुळला होता. त्याने ते लिहिले नाही इतकेच. दैनंदिनीत अडचणींची नोंद होते, अडचण संपल्याची होत नाही. शिवाय ती कंपनीच्या संचालकांनी वाचावयाची होती, आणि खर्च त्यांच्याकडून निघत होता. जो सेवक आपल्या हालअपेष्टा सांगत नाही त्यास धनी उदारपणे पैसे देत नाहीत, हे रोसारख्या मुत्सद्द्यास ठाऊक असलेच पाहिजे. नित्यजीवनाची साधने म्हणून दैनंदिन्या वाचणाऱ्या अभ्यासकाने ही सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

मेज-खुर्च्यांमागेही केवळ हट्ट नव्हता. रोच्या आधी विल्यम हॉकिन्स हा 1609 पासून आग्र्यास होता. त्याला तुर्की भाषा येत होती, दरबारात त्याला मनसब मिळाली होती, त्याने एका अर्मेनियन स्त्रीशी विवाह केला होता. आणि खाणेपिणे व इतर चालीरीती यांत तो सर्वस्वी मुसलमानी वळणावर गेल्याचे जॉन जोर्डेन या त्याच्या देशबांधवाने नोंदविले आहे. हॉकिन्स येथे रुळला, परंतु त्याचे कार्य फसले. आपल्या पूर्वीच्या इंग्रजांनी राजाची प्रतिष्ठा घालविली, अशी रोची पक्की समजूत होती. म्हणून त्याने दरबारी प्रणिपात नाकारला आणि आपल्या माणसांना येथील उन्हातही इंग्रजी धाटणीचाच वेष ठेवावयास लावला. कापड तेवढे पातळ घेतले. टेरी पाद्री होता; त्याच्या ताटावर कोणाची अब्रू अवलंबून नव्हती. भाकरी रुचकर म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यास होते. वकिलास ते तितकेसे नव्हते. एकाची उदारता व दुसऱ्याचा संकोच असा निवाडा करताना हा फरक विसरून चालत नाही.

टेरीचेही सारेच प्रमाण मानता येत नाही. त्याचा विस्तृत ग्रंथ परतीनंतर सुमारे साडेतीन दशकांनी, ग्रीनफर्डच्या पाद्रीपदावर असताना छापला गेला. तोवर वाईट दिवसांची धार बोथट झाली होती. हिंदुस्थानी लोकांची मितभोजिता, मद्याविषयीचा विटाळ, चाकरांचा प्रामाणिकपणा यांची तो जी स्तुती करतो ती बहुधा इंग्लंडमधील आपल्या श्रोत्यांना लाजविण्यासाठी आहे; त्याच्या पानापानांतून प्रवचनकार डोकावतो. सुरतेतील मद्यधुंद इंग्रज आचाऱ्याची गोष्ट याच हेतूने आली आहे. हा आचारी रोच्या आगमनाच्या पहिल्याच दिवशी एका अर्मेनियनाच्या घरी जाऊन यथेच्छ प्याला आणि परतताना वाटेत भेटलेल्या सुभेदाराच्या भावास शिव्या देऊन त्याच्यावर तलवार उपसू लागला. त्या गृहस्थास शब्दही कळेनात, म्हणून तो शांतपणे ‘क्या, क्या’ असे विचारीत राहिला. कथा रंगतदार आहे. पण टेरी हिंदुस्थानात येऊन पोहोचला तो पुढील वर्षी. तेव्हा ही ऐकीव हकिकत आहे. आणि ज्या अनुभवाने कोणाचीही लेखणी कडू व्हावी, तो त्याने चार ओळींत आटोपला आहे : 1618 मध्ये अहमदाबादेस साथ आली, वकील सोडून परिवारातील प्रत्येक इंग्रजास तिने गाठले, आणि नऊ दिवसांत सात जण दगावले. भाकरी अंगाला लागली, हवा लागली नाही, अशी ही स्थिती होती. रुळण्याचा हिशेब केवळ रुचीवर मांडता येत नाही याचे हे स्मरण आहे.

रोच्या दैनंदिनीत एक प्रसंग मात्र असा आहे की, तो वाचून त्याच्याविषयीचे मत पुन्हा तपासावे लागते. 1616 मध्ये अजमेर येथे मीर जमालुद्दीन हुसेन या वृद्ध उमरावाने त्यास बागेत भोजनास बोलाविले. अन्न आल्यावर यजमान आपल्या मंडळींसह वेगळ्या दालनात जेवावयास निघाला. आपल्याबरोबर जेवणे या लोकांस एक प्रकारे विटाळाचे वाटते, असे रोने टिपले आहे. तेव्हा त्याने यजमानास आठवण दिली की, आपण एकत्र मीठ-ब्रेड खाऊ असे तुम्ही वचन दिले होते. तुमची सोबत नसेल तर मला भूक नाही. यजमान परत आला आणि त्याच्यासमवेत बसला. खानदेशात ब्रेडसाठी कुरकुरणारा माणूस येथे ब्रेडच्याच नावाने सहभोजन मागत आहे. या ठिकाणी त्या शब्दातील गहू, भट्टी, आंबवण हे सारे गळून पडले आहे. इंग्रजीतील तो वाक्प्रचार मराठीत आणावयाचा तर ‘मीठभाकर’ याखेरीज शब्द नाही. नंदुरबारच्या वाटेवर जे भाषांतर त्यास जमले नाही, ते एकटे जेवावे लागण्याच्या भीतीने आपोआप झाले.

येथे मराठी वाचकाने आपल्या बाजूचाही विचार करावा हे बरे. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ब्रेडला मराठीने भाकरी म्हटले नाही. त्यांचाच शब्द घेऊन ‘पाव’ म्हटले आणि वेगळे ठेवले. कित्येक पिढ्या हा वेगळेपणा धर्माचा प्रश्न होऊन बसला होता. 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाण्याचा प्रघात होता. आणि ते वृत्त गुप्त राखावे लागत असे. रोने भाकरीला ब्रेड म्हणावयाचे टाळले, त्याच्या दोन शतके नंतरही येथील समाज पावाला अन्न म्हणावयास कचरत होता. अढी दोन्हीकडे होती. फरक असा की, इंग्रज प्रवाशाला आपली अढी म्हणजे देशाचा दोष वाटला आणि तो तसा लिहून ठेवता आला. आज नशिराबादच्या बाजारात भाकरीच्या पिठाशेजारी पाव विकला जातो, आणि त्यात कोणास काही वावगे दिसत नाही.

उभय वृत्तांतांत एक जागा रिकामी आहे. भाकरी थापणारे हात त्यांत कोठेच नाहीत. टेरीने तवा पाहिला. चुलीपुढे बसलेली व्यक्ती त्याच्या वर्णनात येत नाही. रोने तांड्यातील बैल मोजले, पण तांडा हाकणाऱ्या लमाणांविषयी या नोंदीत अवाक्षर नाही. या उणिवेची भरपाई परक्यांच्या लेखनातून होण्यासारखी नाही. नशिराबादच्या शेजारी असोदे आहे. तेथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांच्या गाण्यांत तवा, चूल, जाते व शेत ही संसाराचा अर्थ सांगणारी साधने झालेली आहेत, आणि ती गाणी 1952 मध्ये ग्रंथरूपाने प्रकट झाली. या मुलखातील नित्यजीवनाची आतून लिहिलेली नोंद हवी असेल तर अभ्यासकाने तिकडे जावे. रो व टेरी यांच्याकडून मिळते ते एवढेच की, बाहेरून आलेल्या दोन माणसांनी त्याच तव्याकडे पाहिले, आणि त्यांतील एकाला त्यावर भाजलेले अन्न ओळखता आले.